तडीस

आईला फोनवर म्हटलं, कुलूप दुरुस्त करतेय.
"तीन महिने? तिकडे किल्लीवाले नसतात का?"
मग समजावलं : कालव्यातलं कुलूप, म्हणजे पाण्याचा जिना.
खाली दार, वर दार, मधे दगडी खोली.
नाव आत घ्यायची, पाणी चढवायचं, नाव वर.
"बरं," ती म्हणाली, "जेवलीस का?"

जानेवारीत टॉडमॉर्डनला आम्ही ते कुलूप रिकामं केलं.
तळाशी निघाल्या चौदा सायकली, एक शिवणयंत्र,
आणि एक बूट, नाडी व्यवस्थित बांधलेला.
मासे टबात भरून खालच्या टप्प्यात सोडले.
माझ्या हाताखाली नऊ माणसं.
हाताखाली म्हणायची पद्धत.
ती खाली, गुडघाभर चिखलात;
मी काठावर, हातात कागद.

पत्र्याच्या खोलीत भिंतीवर वेळापत्रक,
बावीस मार्चला लाल टाचणी.
कागदावर सगळं सरळ होतं.

फेब्रुवारीत डोंगरावरून पाणी उतरलं,
दोन रात्रींत अकरा दिवसांचं काम घेऊन गेलं.
बांध, पंप, आणि तदेउशचा जेवणाचा डबा.
त्याला दुःख डब्याचंच जास्त.

लीड्सच्या ऑफिसातून फोन :
वरचं दार जुनंच ठेवा, ठिगळ लावा, तारीख पाळा.
मी हो म्हटलं.
हे लिहायला नको वाटतं, पण म्हटलं.
रात्रभर ते हो उशीखाली टोचत राहिलं.

सकाळी क्लिफर्ड काही बोलला नाही.
एकसष्ट वर्षांचा सुतार, बोलणं मोजून.
त्यानं जुन्या दाराला फक्त आरी लावली
आणि ती आत गेली, मुठीपर्यंत,
शिऱ्यात चमचा जावा तशी.
माझ्याकडे पाहिलंही नाही. चहा ओतायला गेला.

मी लीड्सला फोन लावला.
इथे आल्यापासून पहिल्यांदाच
सॉरीशिवाय वाक्य सुरू केलं :
दार नवंच बसेल. नऊ दिवस उशीर होईल.
उशिराखाली सही माझी.
पलीकडे बराच वेळ कुणीतरी पेन आपटत होतं.

मग टाचणी हलवली. भिंतीला जुनं भोक राहिलं.
मीही काठावरून शिडी उतरले.
चिखल बुटात शिरला की कळतं
कोण कुठे अडलंय, आणि कुणाचा खांदा दुखतोय.

ओकची दारं क्रेननं आली, बसली.
सगळे म्हणाले, झालं.
मी यादी काढली : एकतीस बारीकसारीक गोष्टी.
कठडा, रंग, एका बोल्टची टोपी.
हत्ती गेला, शेपूट राहिलं, मी तदेउशला सांगितलं.
तो म्हणाला, पोलंडमध्ये हत्ती नसतात.
शेपटं मात्र खूप.

पाणी सोडलं. आणि दोन पानांच्या सांध्यातून
एक पातळ धार, शिवणीतून दोरा निघावा तशी.
पोटात गोळा आला.
"पिऊ दे त्याला," क्लिफर्ड म्हणाला,
"कोरडं लाकूड तहानलेलं असतं. फुगेल."
मग त्याचं ते वर्षभराचं बोलणं संपलं.

शेवटचं काम पाण्याचं होतं,
आणि मला त्यात काही हुकूम सोडता येईना.
रोज सहाला जाऊन उभी राहायची.
धार, धार, बारीक धार, थेंब.
पाचव्या दिवशी थेंबांच्या मधे आकडे मोजता आले.
एकोणीस. चाळीस. मग मोजायचं विसरले.

आपल्याकडे काम तडीस नेतात.
आजवर तो शब्द मी नुसता वापरला होता;
त्यात पाणी आहे, काठ आहे,
आणि मधल्या खोलीइतका धीर आहे,
हे त्या थंडीत कळलं.

एकतीस मार्चला पहिली नाव आली.
सुकाणूवर लाल टोपीतली बाई, टपावर भुंकणारं कुत्रं.
"नऊ दिवस थांबलोय आम्ही त्या पुलाखाली!"
तिनं दाराकडे पाहिलंसुद्धा नाही.
का पाहावं? दार होतं, बंद झालं, उघडलं.

"जरा ढकला ना," ती म्हणाली.
मी लांब दांड्याला पाठ टेकवली,
टाचा विटांत रोवल्या,
आणि केवढं तरी वजन
हळूच निघालं.