एक ते पाच

जळगावहून नर्सिंगची पोरगी आली होती,
प्लास्टिकच्या फाइलमध्ये चार पानं घेऊन.
'नाव, आजोबा?'
उखर्डू. उखर्डू तायडे.
तिचं पेन अडलं, म्हणून सांगितलं:
माझ्या आधीची तिघं गेली,
तर मला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवला
आणि सव्वा रुपया देऊन आईने परत घेतला.

ती हसली. पुढचं वाचलं.
'कठीण प्रसंगातून मी लवकर सावरतो.
एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे नेहमी.'

भुसावळच्या शेडमध्ये चौतीस वर्षं फिटर होतो मी.
वॅगनचे कमानपाटे बदलायचो.
एकटा पाटा काही उचलत नाही, पोरी.
एकावर एक आठ-दहा, मधोमध बकलने आवळलेले.
एखादा तडकला तरी डबा लगेच बसत नाही,
बाकीचे कुरकुरत वजन घेतात.
याला किती मार्क?

यमुना गेली तेव्हा मी सावरलो नव्हतो.
तेरा महिने डबा आला, तो अर्धा परत गेला.
मग पोराने पुण्याहून बघायला कॅमेरा लावला,
मायेनेच लावला, खोटं कशाला बोलू.
कूलरचं गवत बदलायला स्टुलावर पाय ठेवला
की भिंत बोलते, 'बाबा, उतरा.'
मी उतरतो.
उतरून उतरून गुडघा आखडला,
डॉक्टर म्हणतो, वय.

बँकेत हयातीच्या दाखल्याला
माझा अंगठा मशीनला दिसत नाही,
कानशीने खाल्ला.
पण रोज संध्याकाळी सहाला
सरदार तडवी फाटकावर काठी आपटतो,
'उखर्डू, जित्ता शे का रे?'
'शे ना भो.'
एवढंच. कधी बिघडलेला पंखा आणतो,
कधी नुसतं भांडण.

मागच्या मे महिन्यात तो तीन दिवस आला नाही.
रस्त्यावर डांबर चपलेला चिकटत होतं.
चौथ्या दिवशी मी निघालो,
भिंत काहीतरी म्हणत होती, ऐकलं नाही.
तापी रोडपर्यंत दोनदा बसलो,
एकदा पानटपरीवर, एकदा कुणाच्या तरी ओट्यावर.
त्याच्या दारात माझी काठी आपटली.
खाटेवरून, उन्हाच्या तापात,
एक डोळा उघडून तो म्हणाला,
'चार दिन लागनात तुले?'

पोरीला म्हटलं, सहापर्यंत थांब,
मग काय लिहायचं ते लिही.
तिची पावणेसहाची पॅसेंजर होती.
तीनवर गोल करून गेली.