अर्जदार स्वतः हजर

औद्योगिक न्यायालयाच्या फाटकाबाहेर, लिंबाखाली
माझं टेबल, एक छत्री, एक संगणक,
वीज शेजारच्या पानपट्टीतून ओढलेली.
पानाला पंधरा रुपये.
चूक माझी असेल तर फुकट.

शोभावती दुपारगुडे पहिल्यांदा आल्या
तेव्हा सवयीनं विचारलं, वकील कोण?
म्हणाल्या, स्वतः.
मी म्हणालो, हा रकाना वकिलाचा आहे.
म्हणाल्या, मग रकान्यात मी बसते की.

सोरेगावच्या जलशुद्धीकरण केंद्रात
एकोणीस वर्षं प्रयोगशाळा मदतनीस.
काचेच्या नळीत पाणी, वर दोन थेंब औषध,
पिवळं झालं की शहराला सोडायचं.
बाळीवेस प्यायली, दमाणीनगर प्यायलं,
चार दिवसांआड का होईना, सगळं सोलापूर प्यायलं,
साहेबांच्या बंगल्याची टाकीही त्याच पाण्यानं भरली.
खोलीतल्या माठाला मात्र
बाईंचा हात चालत नव्हता.

हे टाईप करताना
"माठ"वर माझी बोटं जराशी अडखळली.
त्या मागे उभ्या राहून वाचत होत्या.
"अमानुष" काढा, म्हणाल्या. "घोर" पण काढा.
तारीख राहू द्या. वेळ राहू द्या.
खुर्चीवर कोण बसलं होतं ते राहू द्या.

बारा मे, दुपारचे तीन, पारा चव्वेचाळीसला.
त्यांनी माठात पेला बुडवला आणि प्यायल्या.
बस, एवढंच.
नोटिशीत मात्र पेला नाही, तहान नाही,
"वरिष्ठांशी उद्धट वर्तन" आहे,
आणि पाचव्या महिन्यात
"सेवेतून कमी".

माठ दुसऱ्याच दिवशी नवा आला.
जुन्याचं काय झालं?
बाईंनी माहितीच्या अधिकारात विचारलं,
जडसंग्रह नोंदवहीची नक्कल मागितली.
उत्तराला जावक क्रमांक, गोल शिक्का, सही,
आणि मधे एकच शब्द:
निरंक.

पंपावरचे बिराजदार साक्ष देणार होते.
मग त्यांचा पोरगा रोजंदारीवर लागला,
पाणीपुरवठ्यातच.
त्यांचं नाव खोडायला बाई आल्या
तेव्हा रागावल्या नव्हत्या.
पोरगं हुशार आहे, म्हणाल्या.

एका तारखेला फायली जड झाल्या
म्हणून मी आत गेलो, मागच्या बाकावर बसलो.
महापालिकेच्या वकिलांनी एक वही पुढे केली.
बाईंचीच. बाईंच्याच अक्षरात
रोजचं क्लोरिन, सकाळ-संध्याकाळ,
एकोणीस वर्षांत एक खाडा नाही, एक खाडाखोड नाही.
ज्याला छळलं जातं, वकील म्हणाले,
त्याच्या हातून असं काम होतं का, साहेब?

पंखा किरकिरत होता.
बाईंनी पदर सावरला, कागद चाळले,
हवा तो सापडला नाही.
मग कागदाशिवायच म्हणाल्या,
साहेब, त्यात पाण्याचा काय दोष?

रोजनाम्यात ते वाक्य आलं नाही.
आलं ते असं:
अर्जदार स्वतः हजर. सामनेवाल्यांनी मुदत मागितली. मंजूर.

माझ्या टेबलाखाली वीस लिटरचा जार असतो.
उन्हातून पक्षकार आला की
आधी ग्लास, मग काम, अशी माझी रीत.
पहिल्या दिवशी मी त्यांचं आडनाव टाईप केलं
आणि ग्लास पुढे केला नाही.
का, ते विचारू नका.
तेही प्रतिज्ञेवर सांगावं लागेल.

चौदाव्या तारखेला केला.
त्यांनी ग्लास उजेडात धरला,
पिशवीतून बोटाएवढी बाटली काढली,
दोन थेंब टाकले.
आम्ही दोघं बघत राहिलो,
पानपट्टीवालाही वाकून बघायला लागला.
पाणी पांढरं ते पांढरंच.

यात काही नाही, म्हणाल्या. उकळून पीत जा.
ग्लास लिंबाच्या बुडाशी ओतला,
विसळून टेबलावर उपडा ठेवला.

पुढची तारीख नऊ.
तीन पानांचे पंचेचाळीस रुपये
त्यांनी मोजून दिले.
मी घेतले.