पांढरं छप्पर

रात्रपाळी संपवून मी चढण चढते तेव्हा
बर्न्लीत नुकतं उजाडत असतं.
छपरं वाचायला मला टोमाझनं शिकवलं.
सप्टेंबरात तो नि त्याची माणसं आमच्या भिंतींना
बाहेरून नऊ सेंटिमीटरचं अस्तर चढवत होती,
पोटमाळ्यात लोकर अंथरत होती.
चहाचा कप घेत म्हणाला,
"थंडी पडू दे, मग सकाळी वर बघ.
दहिवर गोठून टिकलं, तर ऊब घरातच आहे.
सगळ्यांआधी वितळलं, तर तो माणूस आकाश तापवतोय."

सहा हिवाळे आम्ही आकाश तापवलं.
कोपऱ्यावरच्या दुकानात गॅसचं कार्ड भरायचं,
दहा पौंड, मग पाच, मग शुक्रवारपर्यंत काहीच नाही.
एका खोलीत तिघं: अद्वयची गणितं,
मकरंदचा रेडिओ, माझी दिवसाची झोप.
पलंगामागची बुरशी मी रविवारी पुसायची,
बुधवारी ती परत हजर,
घरच्या माणसासारखी, न विचारता.
आणि पोराचा खोकला. मी नर्स,
तरी डॉक्टरपुढे मान खाली घालून बसायचे.

आता जाऊबाई फोनवर विचारतात, "बिल निम्मं झालं का गं?"
निम्मं नाही. पाऊण म्हणा, जरा कमीच.
कारण आता वरची खोलीही तापते,
पूर्वी जी ऊब घेतच नव्हतो तिचेही पैसे पडतात.
मकरंद वहीत आकडे जुळवतो, वैतागतो,
वही मिटतो आणि जानेवारीत बनियनवर घरभर हिंडतो.
त्या हिंडण्याला वहीत रकाना नाही.
खोकला गेला. अद्वयही गेला, वर, दार लावून.
त्याला खोली मिळाली,
आम्हाला तो जेवणापुरता.

शेजारी तेरा नंबरात एनिड शॉक्रॉस.
तिनं घर चौऱ्याऐंशी साली काउन्सिलकडून विकत घेतलं,
म्हणून पत्र तिला आलं नाही. योजना भाडेकरूंची.
अस्तर तिच्या भिंतीशी येऊन थांबतं
आणि पलीकडे पंधरा नंबरापासून पुन्हा सुरू होतं,
मधली जुनी वीट
दाढी करताना राहून गेलेल्या पट्टीसारखी.
थंडीभर सगळी ओळ पांढरी
नि तिचंच छप्पर काळं, ओलं, वाफाळतं.
मला ते बघून बरं वाटायचं, हे कबूल करते.
म्हणजे म्हातारी उठली, किटली ठेवली.
काळं छप्पर ही तिची हजेरी होती.

परवा मंगळवारी
नऊ नंबरापासून सतरापर्यंत सलग पांढरं.
कुठेही खंड नाही.
तीन पावलं मी खूश होते:
कुणीतरी हिचंही काम केलं शेवटी.
चौथ्या पावलाला आठवलं,
परात नव्हती बांधलेली. व्हॅन नव्हती.
लोकरीचा एक गठ्ठासुद्धा दारात दिसला नव्हता.

बेल वाजवली. पुन्हा वाजवली.
पत्रपेटीच्या फटीतून हाक मारली.
तिनं दार उघडलं ते कोट, टोपी, हातमोजे घालून,
आणि घरातल्या घरात
तिचा श्वास मला दिसला.
"बंद नाही गं पोरी," म्हणाली,
"बॉयलरला जरा विश्रांती दिलीय, एक तारखेपर्यंत."
मी तिचा हातमोजा काढून मनगट धरलं.
तिला वाटलं, माया.
मी नाडी मोजत होते.

आमच्या स्वयंपाकघरात
तिनं दहा वाजता मोजे काढले, अकराला टोपी.
भिंतीला तळहात लावून बघितला, काही बोलली नाही.
शाळेला सुट्टी असलेला अद्वय खाली आला,
खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला,
तिच्या ताटलीतलं बिस्किट उचललं.

मी कचरा टाकायला बाहेर गेले.
सावलीच्या बाजूला दोन्ही छपरं अजून तशीच,
सारखीच पांढरी, एकाला एक लागून.
हे टोमाझनं शिकवलं नव्हतं.