शेऱ्याचा रकाना

आमच्या गावाला किनारा नव्हता.
तो पाटबंधारे खात्यानं आणून दिला,
चावडीच्या भिंतीवर नोटीस डकवून.
तोवर तापी खाली होती, दरडीखाली,
तीनदा टेकून घागर वर यायची
तेवढी खाली.
मग ती स्वतःच वर आली
आणि परत गेली नाही.

आता निंबोरखेडं टेकाडावर,
समोर पाणी,
पलीकडचा सातपुडा धुक्यात असून नसल्यासारखा.
नव्या सुना ह्याला समुद्र म्हणतात.
त्यांनी समुद्र पाहिलेला नाही, मीही नाही,
त्यामुळे वाद होत नाही.

माझं काम पट्टी वाचायचं.
पहाटे सहाला बॅटरीचा झोत, आकडा, वही.
मार्गशीर्षात त्या वेळी
तिकांडं केळीच्या बागेवर टेकलेलं असतं,
उत्तरेला बाज पालथी, तिच्यामागे तीन चोर,
आणि गारठलेल्या बोटांनी सहा काढला
तर त्याचा तीन होतो.
खाडाखोड चालत नाही. फुंकर मारून, थांबून लिहायचं.

त्या थांबण्यातच ते पहिल्यांदा ऐकू आले.
दिसायच्या आधी.
अंधारात कुणी जुनी दारं उघडावीत,
एक, मग दुसरं, मग आख्खी गल्ली.

उजाडल्यावर पाहिलं:
राखाडी अंग, पांढरं डोकं,
डोक्यामागे दोन काळ्या आडव्या रेघा,
माझ्या पट्टीवर असतात तशा.
म्हटलं, हेही कुणीतरी मापलेलं दिसतंय.

वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा.
अकरा वर्षं कोरा.
त्या दिवशी लिहिलं, बारीक अक्षरात: चौसष्ट.
दुसऱ्या दिवशी: एकाहत्तर, शिवाय शेकाटे, मोजले नाहीत.
तिसऱ्या दिवशी धुकं. नुसते आवाज.

सुपडू भोई पौषात आला,
टॉवेलात काहीतरी धडपडणारं गुंडाळून.
जाळ्यात पाय अडकलेला.
साडेअकराशेचं जाळं, दिवाळीनंतरचं,
ब्लेडनं कापून आणलं होतं त्यानं.
पायात हिरवं कडं, कड्यावर दोन आकडे
आणि मधे एक इंग्रजी अक्षर.
‘वाच ना, भो. यानं गाव कोनतं शे?’
मी वाचलं. गाव नव्हतं त्यात.
‘असं कसं? नंबर शे, गाव नही?’
त्याला ते पटलं नाही.
बराच वेळ तो कडं उलटंसुलटं फिरवत राहिला,
पलीकडून काही लिहिलंय का.

मग पाण्यापर्यंत चालत गेला, गुडघाभर आत,
आणि टॉवेल उघडला.
पक्षी लगेच उडाला नाही.
आधी सुपडूला चोच मारली.

ठगूबाई दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना
एवढंच विचारलं म्हणे: ‘उडनं का?’

साहेब वही तपासायला आले,
त्या नंबराभोवती लाल गोल केला:
ही कोणती पातळी?
मी म्हटलं, नजरचूक.
पान फाडलं मात्र नाही. फाडता येत नाही, पानांना आकडे आहेत.

माघात पाणी उतरू लागतं,
रोज बोटभर, चार बोटं.
एका सकाळी मधोमध
गोल, सपाट काहीतरी वर आलं
आणि थवा त्यावर ओळीनं बसलेला.
सुपडू डोळ्यांवर हात धरून पाहत होता.
‘मना आज्यानं खयं ते,’ म्हणाला.
‘ज्वारी पडे तठे.’
मग हसला. ‘दाना नही काही आते. सांग त्यास्ले.’

कसं सांगणार.
मी आकडा घेतला.
पातळी कालच्यापेक्षा तीन सेंटिमीटर कमी.
शेरा: खळ्यावर एकोणसाठ.
हिरवं कडं दिसलं नाही.
पाय पाण्यात होते बऱ्याच जणांचे.