लालीची वाटी

लाल नाही, आत हिरवं आहे.
सोनकिड्याच्या पाठीवर असतं तसलं,
मान कलती केली की जांभळ्याकडे झुकणारं.
काझुए भिंग बाजूला ठेवते,
ओल्या कुंचल्याचं टोक काठाला लावते,
आणि पावणेदोनशे वर्षं निजलेला रंग
लालभडक जागा होतो.

खोकं आलंय मोगामी नदीकाठच्या एका कोठीतून.
चार गंजकी खुरपी, गवती टोपी,
टोपीत गुंडाळलेली ही वाटी, आणि एक कुंचला,
केस झडलेला.
वाटी क्योतोच्या घडणीची.
खुरप्यांच्या घरात ही आली कशी?

करडई खुडायची ती उजाडायच्या आत.
दव आहे तोवर काटे मऊ,
ऊन चढलं की तेच फूल ओरबाडतं.
बोटं आधी पिवळी होत, मग लाल.
म्हणजे पहिली लाली इथेच लागायची,
फुकटात.
मग ओढ्यात तुडवायची, पिवळं वाहून जाऊ द्यायचं,
सावलीत चटयांवर आंबवायची,
कुटून चकत्या थापायच्या, गोवऱ्यांसारख्या, पण तळहाताएवढ्या.
होडीतून साकाताला. तिथून गलबतात.
आणि मग कुठे लांब शहरात
कुणी राखेच्या निवळीत, उमेच्या आंबट पाण्यात
त्यातला लाल हलकेच उतरवून घेई.
शंभरात एक भाग. बाकी सगळं पाणी.

शहरातल्या बायका तो खालच्या ओठावर
थरावर थर चढवत,
ओठ हिरवा चमकेपर्यंत.
लाल म्हणजे काय, कुणीही लावेल.
हिरव्याला पैसा लागतो.

काझुए कुंचल्याचा एक केस
सूक्ष्मदर्शकाखाली धरते.
वर लाल, पातळ, जेमतेम.
त्याच्या खाली काळं.
पुन्हा बघते. काळंच. शाई.

हं.
आधी ओठाला शाई फासायची,
वर लालीचा एकच हात फिरवायचा:
दिव्याच्या उजेडात हिरवं चमकतं,
अगदी सोन्याच्या भावातलं.
काझुए एकटीच मोठ्याने हसते.
लबाड गं बाई! म्हणते,
आणि बंद दाराकडे एकदा बघून घेते.

दलालाच्या त्या सालच्या वहीत एक नाव आहे, ओमिने.
तीन टोपल्या. एक ओली म्हणून कापलेली.
शाई दलालाच्या दौतीतली असेल का?
परतीच्या गलबतांत मीठ यायचं, जुने कपडे यायचे,
कुणाच्या तरी आरशापुढून उठलेली,
संपत आलेली एखादी वाटीही आली असेल.
कुणी दिली, काय म्हणून दिली,
ओमिनेलाच दिली का,
याला पुरावा नाही. काझुएला तो हवा आहे,
पण हवा असणं म्हणजे पुरावा नव्हे,
तीस वर्षं ती नव्या पोरांना हेच शिकवत आलीय.

वाटीच्या आत एका बोटाचा फराटा.
चौथ्या बोटाचा.
त्या देशात त्याला लालीचं बोट म्हणत.
आपल्याकडे त्याला नावच दिलं नाही,
अनामिका म्हटलं आणि मोकळे झालो.

खालच्या दुकानात हल्ली
जुन्या काळची अस्सल लाली मिळते,
नखाएवढ्या डबीत, आठ हजार येनला.
खोक्यावर किमोनोतली बाई, ओठ मिटलेले.
शाईबद्दल एक अक्षर नाही.

पाच वाजतात.
नोंदवहीत काझुए लिहिते: वाटी, एक. कुंचला, एक.
मालकाचा रकाना कोरा.
आपला ओला कुंचला टिपकागदावर पुसायचा, असा नियम आहे.
ती उजवा हातमोजा काढते
आणि चौथ्या बोटाच्या नखावर पुसते.

बसमध्ये दांडी धरलेला हात
मध्येच काचेत दिसतो तिला.
एक नख लाल.
हात ती खाली घेत नाही.
बाहेर करडई पिवळी झालीय बांधापर्यंत.
उद्या पहाटे खुडणी.