उघड आहे

तार्तूत डिसेंबरात साडेतीनलाच दिवस मिटतो.
हेल्ये दिवा लावते,
राईच्या पावाचा तुकडा मोडून तोंडात टाकते
आणि एंदेल राउदसिकची वही उघडते.
चौकटींचा कागद, निळी शाई,
दर दोन-तीन पानांआड समासात एकच शेरा:
‘उघड आहे.’

यंत्राला काहीच उघड नसतं.

त्याला सांगावं लागतं, मिती चार.
हा निर्देशांक वर राहतो, तो खाली;
वरच्याला खाली यायचं तर
मेट्रिकचा हात धरूनच यायचं.
ज्या अक्षरावर बेरीज होते
त्याला हवं ते नाव दे, शेवटी ते उरत नाही.
आणि आर म्हणजे अंतर, शून्याहून मोठं,
तेही लेखी दे;
नाहीतर आरच्या वर्गाचं मूळ विचारलंस
की कारकुनासारखं दाखला मागत बसतं.

चाळीस क्रिस्टॉफेल. एकतीस शून्य.
उरलेले नऊ वहीबरहुकूम.
मग तिनं रीमान खाली उतरवला
आणि एक्केचाळिसाव्या पानापासून
सगळी चिन्हं उलटी.

तीन रात्री ती आपलीच चूक शोधत राहिली.
एमायोगीवर बर्फ धरलं, कॉफी संपली.
चौथ्या दिवशी फोन. म्हातारा एक्क्याण्णवचा,
एका कानानं ऐकणारा.
‘कितव्या पानापासून?’
‘एक्केचाळीस.’
बराच वेळ नुसती खरखर.
‘हां. लेनिनग्राडचं पुस्तक परत मागितलं त्यांनी.
दुसरं मिळालं त्यात काळ उणे होता.
मग मीही उणे केला.’
‘लिहिलं का नाहीत कुठे?’
‘अगं, उघड होतं.’

तिनं एक सिग्मा ठेवला: अधिक किंवा उणे,
वर्ग मात्र नेहमी एक.
रिची मागितला. पडदाभर साइन, कोसाइन,
अपूर्णांकावर अपूर्णांक;
शून्यच ते, पण शून्यासारखं दिसेना.
सोपं कर, म्हणाली.
पंखा घरघरला. खिडकीबाहेर
कुणीतरी फावड्यानं वाट मोकळी करत होतं.
मग एका ओळीत: ०.

इथे वस्तुमान नाही
आणि तरीही इथलं सगळं वाकलेलं आहे.
हे तिला कागदावर ठाऊक होतं.

फाइलच्या माथ्यावर तिनं लिहिलं:
‘पान ४१ पासून काळ उणे. पुस्तक बदललं. ए. रा.’
ही ओळ यंत्र वाचत नाही.
वहीच्या घडीत पावाचा चुरा अडकला होता;
झटकायला गेली,
तर तो थोडा जुनाही होता.