नळाचा दिवस

पटेल वकीलबाईंनी तारीख सांगितली: तेवीस.
मी बोटं मोजली.
आमच्या गल्लीत दहा दिवसांनी नळ येतो,
म्हणजे तेवीसलाच.
म्हटलं, बाई, चोवीस नाही का मिळणार?
त्याही लातूरच्याच, हसल्या नाहीत.
म्हणाल्या, विचारून बघते, पण कोर्टाला
नळ कळत नाही.

झेरॉक्सवाल्याच्या पलीकडे विधी सेवेची खोली.
बायकांना वकील फुकट, असं भिंतीवर लिहिलंय.
मी दोनदा वाचलं, मग उंबऱ्याशी चप्पल काढली.
राहू द्या पायात, त्या म्हणाल्या,
हे काही देऊळ नाही.

कारण विचारलं.
मारतो का? नाही.
पितो? लग्नकार्यात, तेही माझ्याच भावासोबत.
दुसरी कुणी?
असती तर सोपं झालं असतं, मी बोलून गेले
आणि माझी मीच दचकले.

मग सांगितलं, चार वर्षं झाली
आम्ही सृष्टीच्या तोंडून बोलतो.
पप्पाला सांग, गॅस संपलाय.
मम्मीला सांग, उद्या आणतो.
पोरगी पाचवीत आहे.
परवा म्हणाली, माझा घसा बसलाय,
आज तुमचं तुम्ही बोला.
त्या रात्री घरात
फक्त फ्रीज बोलत होता.

वकीलबाईंनी लिहिलं:
‘उभयतांनी एकत्र नांदणे शक्य राहिलेले नाही.’
एवढंच.
बारा वर्षं एका ओळीत बसली
आणि उजवीकडं जागा उरली.

दुसऱ्या कागदाला मात्र अख्खी दुपार गेली.
लेकरू कुठं झोपणार, ताप आला तर फोन कुणाला,
रविवार कुणाचा, दिवाळीतला पाडवा कुणाचा,
स्नेहसंमेलनात दोघं एका रांगेत बसणार का.
शाळा बदलू नका, त्या म्हणाल्या,
रिक्षावाले मामा बदलू नका,
जमलं तर दूधवालासुद्धा नको.
मोठ्यांनी एका वेळी
एकच वस्तू मोडावी.

घरी सासूबाई ओसरीत ज्वारी निवडत होत्या.
काय लिहूलालीस गं, शिवकांता?
मी वाचून दाखवलं, पोरीचं, घराचं,
त्याच्या भाड्याच्या खोलीचं, दोन गल्ल्या सोडून.
त्यांनी खडा बाजूला टाकला.
मी कोन्या कागदात हाव मग?

फोन लावला.
वकीलबाई बराच वेळ गप्प.
सासूसाठी रकाना नसतो, म्हणाल्या.
मी पाठीमागं पेन्सिलनं लिहून ठेवलं:
गिरजाबाई इथंच राहतील.
कायद्यात बसेल का, माहीत नाही.
ओसरीत बसतील.

भांड्यांची यादीही मागितली होती.
मोठ्या हंड्यावर दोघांची नावं कोरलेली,
मधे छोटीशी आडवी रेघ.
बारा वर्षं राखेनं घासून
माझं नाव पुसट झालंय. त्याचं तसंच आहे,
तो भाग भिंतीकडं असतो.
हंडा यादीत घातला नाही.
पाण्याचं भांडं कुणी वाटून घेतं का?

चोवीस मिळाली नाही.
तेवीसला पहाटे चारला संगमेश्वर आला,
मोटार लावली, पाइप धरला.
मी खाली भरत होते, तो वर टाकीपाशी,
आणि सृष्टी जिन्यात पेंगत
भरलं का, भरलं का, असं दोन्हीकडं पोचवत होती.
सव्वासहाला पाणी गेलं.
साडेदहाला आम्ही कोर्टात.
माझी बाही अजून ओली,
सही फिसकटली.
कारकून म्हणाला, पुन्हा करा, नीट.
नीट केली.

सहा महिने थांबा, साहेब म्हणाले.
अठरा नळ, मी मनात म्हटलं.

बाहेर लिंबाखाली स्कूटरची किल्ली चाचपत
तो म्हणाला, मधे कुणीच नव्हतं,
थेट मलाच म्हणाला,
मोटारीचा वायसर गेलाय. येताना घेतो.

दोन घे, मी म्हटलं.
तुझ्या खोलीतही नळ असेल ना.